मदत हवी आहे: इंग्लंडमधील रायफल परवान्यावरची 'पोलिसांनी योग्य ठरवलेली जमीन' ही अट नेमकी कशी वाचावी?

रानवाट:

नमस्कार. मी इंग्लंडच्या हेरफर्डशर परगण्यात, वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या एका सफरचंदाच्या बागेत काम करते. ही सायडरसाठी लावलेली बाग असून नवीन कलमांची निगा राखणे ही माझी मुख्य जबाबदारी आहे. गेली काही वर्षे हरणांचा उपद्रव इतका वाढला आहे की, वसंतात रो जातीचे नर कोवळ्या खोडांवर शिंगे घासून साल सोलून काढतात, फॅलो हरणांचे कळप हिवाळ्यात फांद्यांचे शेंडे खाऊन जातात आणि मुंटजॅक तर बाराही महिने असतो. मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चीनमधून आणलेला चुलतभाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बेडफर्डशरमधील वोबर्नच्या उद्यानात आणला गेला आणि तिथून देशभर पसरला. माझे बालपण सिंधुदुर्गात गेल्यामुळे रात्री भेकर भुंकले की अजूनही मला आजोळच्या मागचा डोंगर आठवतो, आणि त्याच आवाजाच्या प्राण्यावर इथे रायफल रोखावी लागते याचे मला वाईट वाटते. परंतु इथे त्याला खाणारा कोणताही प्राणी उरलेला नाही आणि कुंपण घालणे सगळीकडे शक्य होत नाही, हेही मी पाहिले आहे.

म्हणून रीतसर प्रशिक्षण घेतले, हरणांच्या शिकारीचे पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र मिळवले, आणि यंदा मला पोलिसांकडून फायरआर्म सर्टिफिकेट, म्हणजे रायफलचा परवाना, मिळाले. त्यावर दोन रायफली आहेत. एक सशांसाठी पॉइंट टू-टू (.२२) रिमफायर आणि दुसरी हरणांसाठी टू-फोर-थ्री (.२४३); हे आकडे म्हणजे कॅलिबर, नळीचा इंचांतील अंदाजे व्यास. दोन्हींसमोर छापलेल्या अटीचा आशय असा आहे की, ही रायफल ज्या पोलीस दलाच्या हद्दीत जमीन आहे त्या दलाच्या प्रमुखाने योग्य ठरवलेल्या आणि जिथे शिकार करण्याचा कायदेशीर अधिकार परवानाधारकाला आहे अशाच जमिनीवर वापरावी. इथले शिकारी याला 'क्लोज्ड' परवाना म्हणतात. ज्यांच्या परवान्यात पोलिसांनी जमीन योग्य ठरवण्याचा भाग नसतो आणि फक्त कायदेशीर अधिकाराची अट असते, त्यांचा परवाना 'ओपन'.

माझी बाग टू-फोर-थ्रीसाठी मंजूर आहे, त्यामुळे तिच्याबद्दल शंका नाही. शंका आहे ती शेजारच्या दोन तुकड्यांबद्दल, कारण हरणे बागेत चरत असली तरी दिवसा बसतात तिकडेच.

पहिला तुकडा म्हणजे उताराचे एक कुरण आणि त्याच्या डोक्यावरची लहानशी राई. ते ज्या शेतकऱ्याच्या वहिवाटीत आहे त्यांनी मला तोंडी सांगितले आहे की, तू केव्हाही ये आणि हवी तेवढी हरणे मार. मात्र ते जमिनीचे मालक नसून कूळ आहेत. त्यांच्याकडे पूर्वी येणारा एक जण सशांसाठी पॉइंट टू-टू वापरत असे, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ही जमीन पोलिसांच्या नोंदीत आधीपासूनच आहे. दुसरा तुकडाही त्याच शेतकऱ्याकडे आहे, पण तो ओढ्यापलीकडे म्हणजे वेल्समध्ये आहे. हे-ऑन-वाय या गावापाशी सीमा ओढ्यावरूनच जाते, हे इकडे राहणाऱ्यांना ठाऊक असेल. अलीकडची हद्द वेस्ट मर्सिया पोलिसांची आणि पलीकडची डिफेड-पाविस पोलिसांची. हा तुकडा सपाट आहे, त्यात हिवाळी गहू आहे आणि त्याच्या कडेने सार्वजनिक पायवाट जाते.

माझे प्रश्न असे. शेतकऱ्याची परवानगी आणि पोलिसांची मंजुरी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, असे मी समजते. ते बरोबर आहे का? एखादी जमीन पॉइंट टू-टूसाठी मंजूर असेल तर ती टू-फोर-थ्रीलाही चालते का? कुळाने दिलेली परवानगी पुरेशी आहे, की मालकाला विचारावे लागेल? दुसऱ्या दलाच्या हद्दीतील जमिनीसाठी मी कोणाकडे अर्ज करायचा? आणि सर्वांत जास्त मनाला लागलेला प्रश्न असा की, मंजूर जमिनीवर जखमी झालेले हरीण कुंपण ओलांडून मंजूर नसलेल्या जमिनीत गेले, तर मी काय करावे?

शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, त्यांनी आयुष्यभर शॉटगन वापरली आणि कोणत्या शेतात वापरायची हे त्यांना कोणी कधी विचारले नाही. ते खरेही आहे, कारण शॉटगनच्या परवान्यावर जमिनीची अट नसते. परंतु रायफलची अट मोडणे हा १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टखाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि अज्ञानापोटी तो माझ्या हातून घडू नये एवढीच इच्छा आहे. फॅलो आणि रो जातींच्या माद्यांचा हंगाम १ नोव्हेंबरला उघडेल, त्यापूर्वी हे स्पष्ट झाले तर फार बरे होईल.

हिवाळी_धुके:

रानवाटताई, मी यॉर्कशरमध्ये राहतो आणि माझ्याकडे १८ वर्षे हा परवाना आहे. त्यांपैकी पहिली काही वर्षे तो आपल्यासारखाच क्लोज्ड होता, म्हणून अनुभवाने लिहितो.

आपला पहिला समज अगदी बरोबर आहे. त्या अटीतला 'आणि' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. पोलिसांनी जमीन योग्य ठरवली म्हणून तिथे शिरण्याचा हक्क मिळत नाही, आणि शेतकऱ्याने बोलावले म्हणून पोलिसांची मंजुरी मिळाली असे होत नाही. पहिली बाजू सुटली तर परवान्याची अट मोडते. दुसरी सुटली तर अट मोडतेच, शिवाय बंदूक घेऊन परक्या जमिनीत शिरल्याचा गुन्हा होतो आणि, हरणाच्या शोधात असाल तर, १९९१च्या डिअर ॲक्टखाली चोरट्या शिकारीचाही होतो.

कॅलिबरबद्दल काळजीपूर्वक विचार करा. 'जमीन नोंदीत आहे' हे वाक्य अपुरे आहे. पोलिसांकडे सर्वसाधारणपणे जमिनीसमोर अमुक कॅलिबरपर्यंत अशी नोंद असते. सशांच्या रायफलीसाठी पाहिलेली जमीन हरणांच्या रायफलीला आपोआप चालेल असे धरू नका. हरणावर पॉइंट टू-टू रिमफायर वापरताच येत नाही, हे आपण शिकला असालच: इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या हरणांसाठी रायफलीचा व्यास ०.२४० इंचांहून कमी आणि गोळीची ऊर्जा १,७०० फूट-पौंडांहून कमी चालत नाही, आणि मुंटजॅकसाठीसुद्धा किमान ०.२२० इंच, १,००० फूट-पौंड आणि ५० ग्रेन वजनाची गोळी लागते. म्हणजे त्या जुन्या माणसाची नोंद आपल्या कामाला बहुधा येणार नाही. तरीही ती तपासून घ्या, कारण कधी कधी अधिकाऱ्याने एकाच भेटीत मोठ्या कॅलिबरचीही नोंद करून ठेवलेली असते. जमिनीचा नकाशा, ग्रिड संदर्भ आणि मालकाचे नाव देऊन परवाना विभागाला लेखी विचारा, आणि उत्तरही लेखी घ्या. दूरध्वनीवर मिळालेले उत्तर पुढे कोणालाच आठवत नाही.

इथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. लहान कॅलिबर म्हणजे कमी धोका, असे सरळ गणित नाही. पॉइंट टू-टूची शिशाची गोळी मंद असते, कठीण जमिनीवर किंवा दगडावर ती फुटत नाही, तर टप्पा घेऊन उसळते. आणि ती दीड मैलापर्यंत धोकादायक आहे असा इशारा अनेक डब्यांवर छापलेला असतो. टू-फोर-थ्रीची पसरणारी गोळी मऊ मातीच्या चढणीत शिरली तर बहुधा तिथेच तुकडे होऊन थांबते, पण चढण चुकली तर ती त्या दीड मैलाच्याही पुष्कळ पुढे जाते. म्हणून अधिकारी जमीन पाहायला येतो तेव्हा तो कॅलिबरइतकेच पाहतो की, गोळीच्या मागे माती कुठे आहे. उताराचे कुरण बहुधा मंजूर होईल. मात्र राई चढाच्या माथ्यावर आहे, असे आपण लिहिले आहे. खालून वर, आकाशाच्या रेषेवर उभ्या असलेल्या हरणावर गोळी कधीही झाडू नये, मग जमीन मंजूर असो वा नसो. सपाट गव्हाच्या शेताबद्दल मला अधिक चिंता वाटते. तिथे मचाण लागेल, म्हणजे गोळीचा कोन खाली जाऊन ती शेतातल्याच मातीत थांबेल.

पायवाटेविषयी: सार्वजनिक पायवाट आहे म्हणून जमीन नामंजूर होतेच असे नाही. वाहनरस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत गोळी झाडून वाटसरूला इजा, अडथळा किंवा धोका झाला तर हायवेज ॲक्टखाली गुन्हा होतो; पायवाटेला तो ५० फुटांचा नियम लागू नाही. पण पायवाटेवरचा माणूस कायद्याच्या कलमाने वाचत नाही. तो दिसला तर थांबायचे, आणि जिथून तो अवचित दिसू शकतो तिथे पाठ करून बसायचे.

रानवाट:

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. कॅलिबरची बाब मी पूर्णपणे चुकीची समजत होते, हे आता लक्षात आले. एक पोटप्रश्न विचारते. माझ्या ओळखीच्या एका अनुभवी शिकाऱ्याकडे ओपन परवाना आहे आणि त्यांनी सुचवले की, पोलिसांचे उत्तर येईपर्यंत ते माझ्याबरोबर कुरणात येतील, म्हणजे मला माझी रायफल तिथे वापरता येईल. त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, पण हे बरोबर आहे का?

हिवाळी_धुके:

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. अट आपल्या परवान्यावर आहे, ती आपल्या रायफलीबरोबर चालते. शेजारी कोणीही उभे असले तरी ती सैल होत नाही.

मात्र दुसरी एक रीतसर वाट आहे. २०१७च्या कायद्याने फायरआर्म्स ॲक्टमध्ये ११-ए हे कलम घातले गेले. त्याखाली परवानाधारक आपली रायफल खासगी जमिनीवर, आपल्या उपस्थितीत, दुसऱ्याला शिकारीसाठी वापरायला देऊ शकतो. देणाऱ्याला त्या जमिनीवर इतरांना शिकारीसाठी बोलावण्याचा हक्क असला पाहिजे किंवा ज्याला तो हक्क आहे त्याने तसे लिहून दिलेले असले पाहिजे, आणि घेणारा देणाऱ्याच्या परवान्यातील अटींनी बांधलेला असतो. म्हणजे त्या गृहस्थांनी कुरणासाठी तसे लेखी पत्र मिळवले, तर आपण त्यांची रायफल, त्यांच्या सोबतीने, तिथे वापरू शकाल. आपली रायफल त्या दिवशी घरच्या कपाटात कुलपात राहू द्या.

दगडी_कुंपण:

मी श्रॉपशरमध्ये शेतजमिनींच्या भाडेकरारांचे काम पाहतो, म्हणून फक्त कुळाच्या प्रश्नापुरते लिहितो. परवानगीच्या साखळीत सर्वाधिक चुका इथेच होतात.

सशांची आणि हरणांची गोष्ट वेगळी आहे. १८८०च्या ग्राउंड गेम ॲक्टने जमीन कसणाऱ्याला ससे आणि रानससे मारण्याचा असा हक्क दिला की, तो करारानेही काढून घेता येत नाही. पण त्याच कायद्यात हेही आहे की, कसणारा स्वतः आणि त्याने लेखी अधिकार दिलेला आणखी फक्त एक जण, एवढ्याच दोघांनी त्या हक्काखाली बंदूक वापरायची. तेव्हा आपल्याला सशांसाठी पत्र हवे असेल, तर जुन्या माणसाचे पत्र अजून चालू आहे का, हे आधी विचारा. ते चालू असेल तर आपले पत्र या कायद्याखाली निरुपयोगी ठरते.

हरणे या कायद्यात येत नाहीत. इथल्या बहुतेक शेतीच्या भाडेकरारांत शिकारीचे हक्क मालकाने स्वतःकडे राखून ठेवलेले असतात, आणि पुष्कळदा ते तिसऱ्याच कोणा शिकारमंडळाला भाड्याने दिलेले असतात. अशा वेळी कुळाने कितीही प्रेमाने बोलावले तरी त्याच्याजवळ द्यायला तो हक्कच नसतो. शेतकऱ्यांना नम्रपणे विनंती करा की, करारातले शिकारीच्या हक्काचे कलम त्यांनी स्वतः वाचून पाहावे. हक्क मालकाकडे असेल तर मालकाकडून किंवा त्यांच्या व्यवस्थापकाकडून पत्र घ्या. पत्रात जमिनीचा नकाशा जोडलेला असावा, कोणते प्राणी, कोणत्या तारखेपासून, आणि ओढ्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे येतात की नाही हे स्पष्ट असावे. कायदा प्रत्येक बाबतीत लेखी परवानगी मागतो असे नाही, पण पहाटे पोलिसांनी गाडी थांबवली की खिशातला कागद उपयोगी पडतो.

वेल्सच्या तुकड्याबद्दल: डिअर ॲक्ट दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळे हंगाम आणि रायफलीचे नियम बदलत नाहीत. बदलते ती फक्त जमीन योग्य ठरवणारी यंत्रणा. आपला परवाना ज्या दलाने दिला त्यांच्याकडेच अर्ज करा, ते पलीकडच्या दलाकडे विचारणा करतील. दोन दलांमधला पत्रव्यवहार वेळ घेतो, म्हणून तो तुकडा १ नोव्हेंबरच्या हिशेबात धरू नका.

जखमी हरणाचा प्रश्न आपण विचारलात, याचे मला समाधान वाटले. वेदनेतून सोडवण्यासाठी जखमी हरणाला मारताना डिअर ॲक्ट हंगामाच्या आणि रात्रीच्या बंदीतून सूट देतो, पण त्या सुटीमुळे शेजाऱ्याच्या जमिनीत शिरण्याचा हक्क मिळत नाही आणि आपल्या परवान्याची अटही नाहीशी होत नाही. म्हणून ही तजवीज आधी करायची असते. बागेच्या चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना आत्ताच भेटा, त्यांचे दूरध्वनी क्रमांक घ्या, आणि जखमी जनावर शोधण्यापुरते येण्याची परवानगी लिहून घ्या. त्या शेजारजमिनींचा उल्लेखही पोलिसांकडच्या अर्जात करा. आणि कुंपणाजवळ उभ्या असलेल्या हरणावर, ते पलीकडे कोसळेल असे वाटले तर, गोळी झाडू नका. माझ्या ओळखीच्या एका जुन्या रखवालदाराने हद्दीपासून ठरावीक अंतर स्वतःसाठी निषिद्ध ठरवले होते, आणि इतक्या वर्षांत त्याला शेजाऱ्याकडे धावावे लागलेले मला आठवत नाही.

रानवाट:

आपणा दोघांच्या उत्तरांनुसार मी पावले उचलली. काय झाले ते सांगण्यासाठी तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे.

शेतकऱ्यांनी करार काढून वाचला. शिकारीचे हक्क खरोखरच मालकांकडे राखीव निघाले आणि शेतकऱ्यांनाही त्याचे आश्चर्य वाटले, कारण त्यांच्या वडिलांच्या काळापासून कोणी ते कलम पाहिलेच नव्हते. मालकबाई वृद्ध आहेत, त्या लंडनमध्ये राहतात. मी पत्र लिहिले, कलमांच्या सोललेल्या खोडांची छायाचित्रे जोडली, आणि त्यांनी हरणांसाठी एका वर्षाची लेखी परवानगी नकाशासह पाठवली. सशांचा विषय मी सोडून दिला, कारण जुन्या माणसाचे पत्र अजून चालू आहे.

त्यानंतर अधिकारी कुरण पाहायला आले. पॉइंट टू-टूची नोंद होती, टू-फोर-थ्रीची नव्हती. त्यांनी मला कुरणाच्या खालच्या कोपऱ्यात उभे केले आणि एकच प्रश्न निरनिराळ्या जागांवरून विचारत राहिले: इथून गोळी सुटली तर ती कुठे थांबेल? पहिल्या चार जागांवर मी समोरची चढण दाखवली. पाचव्या जागेवर मी म्हटले की, इथून मी गोळी झाडणार नाही, कारण राईच्या फटीतून पलीकडचे आकाश दिसते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि आम्ही पुढे गेलो. कुरण टू-फोर-थ्रीसाठी मंजूर झाल्याचे पत्र काल आले, आणि त्यात राईच्या माथ्यावर उभ्या असलेल्या जनावरावर खालून गोळी झाडू नये अशी सूचना आहे.

पायवाटेकडच्या गव्हाच्या शेताचे उत्तर पलीकडच्या दलाकडून अजून आलेले नाही. शेतकऱ्यांशी बोलून त्याच्या पश्चिमेच्या बांधावर, पायवाटेकडे पाठ येईल अशा जागी, मचाणासाठी खांब रोवण्याचे ठरले आहे. अर्जासोबत त्या जागेची आखणीही पाठवली आहे. तोपर्यंत ओढ्यापलीकडे मी दुर्बीण घेऊनच जाते. चारही शेजाऱ्यांपैकी तिघांनी जखमी जनावरासाठी लिहून दिले आहे. चौथ्यांना शिकार मान्य नाही, आणि तो त्यांचा अधिकार आहे. म्हणून त्यांच्या कुंपणाच्या बाजूला बागेतल्या शेवटच्या चार ओळी मी माझ्यासाठी बंद केल्या आहेत आणि तिथल्या कलमांना जाळीची नळकांडी बसवायला घेतली आहेत.